दुकानछाप डबा

डेल हॅम्रिकच्या जिभेला घरात फार मान होता. ओहायोतल्या स्वस्त किराणा दुकानांच्या एका साखळीत तो बावीस वर्षं चाखणारा म्हणून नोकरीला होता. बिनखिडकीच्या खोलीत बसायचं आणि समोर तीन वाट्या यायच्या. दोनांत एकच माल, तिसरीत वेगळा. एक नावाजलेल्या कंपनीचा, दुसरा दुकानाच्या स्वतःच्या छापाचा. वेगळी वाटी ओळखायची, एवढंच काम. टोमॅटो सॉस, मक्याचे दाणे, बिस्किटं, काय वाटेल ते.

खरं सांगायचं तर निम्म्या वेळा त्याला ती ओळखू येत नसे. कागदावर तो इमानदारीने ‘फरक नाही’ असं लिहायचा. पण घरी, रविवारच्या जेवणाला, ‘फरक नाही’ म्हणणाऱ्याला कोण विचारतो? तिथे तो घास तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचा, सगळ्यांना ताटकळत ठेवायचा आणि मग नाक मुरडून सांगायचा, "दुकानछाप. भुसा आहे, नुसता भुसा."

त्याची बायको व्हर्ना हसून सोडून द्यायची. सून टेसा मात्र त्याचा एकेक शब्द झेलायची. तेवीस वर्षांची पोर, सरकारने नेमून दिलेल्या परक्या घरांतून वाढलेली. घरातल्या मोठ्या माणसाने काही सांगावं आणि आपण ते ऐकावं, याचंच तिला अप्रूप होतं.

मार्चमध्ये तिला मुलगी झाली, हेझल. अंगावरचं दूध पुरेना. त्यातच नवरा कर्ट, डेलचा मुलगा, याचे कारखान्यातले तास निम्म्यावर आले. नावाजलेल्या कंपनीच्या दूधभुकटीचा डबा चाळीस डॉलरला, दुकानछाप त्याच्या निम्म्यात. टेसा दुकानछाप घेऊन आली, पण बाळाला पाजण्याआधी डेलकडे.

"डॅड, जरा चाखून सांगा ना. चालेल का हिला?"

बाळाचं दूध त्या खोलीत कधी आलंच नव्हतं. डेलला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तसं म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"खडू आहे. माझ्या नातीच्या पोटात हे जायचं नाही."

"पण डॅड, ते दुसरं फार महाग..."

"लेकराच्या पोटावर काटकसर करतं का कुणी, पोरी?"

तो डबा तिने शेजारणीला देऊन टाकला.

जूनमधल्या एका सोमवारी सकाळी, न्याहारीच्या वेळेला, हेझलचा डावा हात झटके देऊ लागला. डोळे वर गेले. रुग्णवाहिका आली, आणि दहाच्या सुमारास डेल आणि व्हर्ना हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टर टेसाला विचारत होत्या.

"दूध कसं बनवतेस?"

"चांगल्या कंपनीचंच देते. रोज तेच."

"चार औंस पाण्याला चमचे किती?"

"एक," टेसा म्हणाली. "डबा शुक्रवारच्या पगारापर्यंत पुरवायचा होता."

दोन हवे होते. पाणी जास्त झालं की रक्तातलं मीठ उतरतं आणि तान्ह्या मेंदूला सूज येते, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाजूची नर्स सलाइन लावता लावता म्हणाली, "अगं, मग स्वस्तातला आणायचास! पोषण दोन्हींत पूर्ण असावंच लागतं, कायदाच आहे तसा."

टेसाने डेलकडे पाहिलं. डेल सलाइनच्या बाटलीकडे बघू लागला.

दुपारी बालसंरक्षण खात्याच्या मिस प्रूएट आल्या. त्यांनी डेलला बाजूला घेतलं.

"सून म्हणते, स्वस्त डब्याला तुम्ही नको म्हणालात. खरं आहे का?"

इथे ‘हो’ म्हणायचं होतं. एवढंच. चूक पोरीची एकटीची नाही, माझीही आहे, असं सांगितलं असतं तर त्या कागदावर दोन ओळी वेगळ्या पडल्या असत्या. पण त्याच्या डोळ्यांपुढे त्याचं नाव त्या कागदावर दिसायला लागलं, आणि त्याने हात वर केले.

"चाखणं ही माझी नोकरी आहे, मॅडम. पाणी वाढव असं मी कधीच सांगितलं नाही." यातलं अक्षरही खोटं नव्हतं. तेवढ्यावर थांबायचं, तर पुढे म्हणाला, "पोरगी जरा हट्टी आहे. तिला भारीचंच लागतं."

मिस प्रूएटनी ते लिहून घेतलं.

हेझल वाचली. डाव्या हाताचं काय ते वर्षभराने कळेल, असं डॉक्टर म्हणाल्या. न्यायाधीशांनी बाळ सहा महिने आजी-आजोबांकडे ठेवलं, कारण तेच घर त्यांना जबाबदार वाटलं. टेसाला भेट बुधवारी आणि शनिवारी, दोन-दोन तास, तीही कुणीतरी समोर असताना.

पहिल्या शनिवारी ती आली. बराच वेळ हेझलला छातीशी धरून बसली. बाळ रडायला लागलं तशी ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याशी थबकली. व्हर्नाने आणलेला दुकानछाप डबा तिथेच होता.

"हे पिते ती?"

"पिते की! बाटली चाटूनपुसून संपवते," व्हर्ना बोलून गेली आणि मग खाली बघू लागली.

डेल दारात उभा होता. आता तरी काही बोलावं, असं त्याच्या मनात आलं. पण तो नुसताच ओट्याशी आला.

"डॅड, दूध तुम्हीच बनवा," टेसा म्हणाली. "मला परवानगी नाही."

त्याने चार औंस पाणी मोजलं. एक चमचा घातला. टेसा त्याच्या हाताकडे टक लावून बघत होती. त्याने आणखी एक घातला, आणि हा दुसरा की तिसरा, तेच त्याला आठवेना. धोका नको म्हणून त्याने बाटली सिंकमध्ये उपडी केली.

टेसाचा हात आपोआप पुढे आला आणि त्या दुधाखाली ओंजळीसारखा धरला गेला. मग इथे दूध पुरवायचं नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने हात मागे घेतला आणि पँटला पुसला.