सुवर्णमहोत्सवी थर

आमच्या पुरातत्त्व विभागाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा विभागप्रमुख सत्यजित सरांनी ठरवलं की विभागाचा इतिहास भिंतीवर उत्खननासारखा दाखवायचा. तळाशी सगळ्यांत जुना थर, वर नवा. एकेक विभागप्रमुख म्हणजे एकेक थर. चित्र काढायचं मी, कारण मी कंत्राटी, आणि नाही म्हणायची माझी पद्धत नाही.

"आणि कमलिनी मॅडम?" मी विचारलं.

"त्या नुसत्या प्रभारी प्रमुख होत्या हो. त्यांची वर्षं रिकामी माती दाखवा. ज्यात काहीच सापडत नाही, तशी."

त्या रिकाम्या वर्षांत मॅडमनी नर्मदाकाठी विटांचं अख्खं घर उकरून काढलं होतं. त्याच विटांवर सरांनी प्रबंध लिहिला. आभारात जीपच्या ड्रायव्हरचं नाव आहे, मॅडमचं नाही. मला खणायला त्यांनीच शिकवलं. मी पोटुशी असताना त्यांनी चराच्या कडेला खुर्ची मांडली आणि साडी खोचत म्हणाल्या, "तू वरून बघ गं. तुझ्या वाटचं मी उतरते."

तुलसी नगरच्या घरी दुपारी लेकीला, जुईला थोपटत, दुसऱ्या हातानं मी थर रंगवले. मॅडमचा थर चांगला जाड काढला, विटांसकट. आणि सरांच्या थरातून एक खड्डा सरळ खाली नेला, थेट त्या विटांपर्यंत. नंतरच्या लोकांनी जुन्या विटा पळवल्या की जमिनीत असाच खड्डा दिसतो. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे येतं. पण सरांनी खणायची करणी हातात धरून जमाना झाला होता.

"या विटा कशाला मध्येच?" सरांनी विचारलं.

"तुमचा काळ कुठवर पोचला ते कळायला नको, सर?"

सरांनी आपला थर खालपर्यंत बोटानं मापला. मग खुलले. "अरे वा! मतलब सबसे गहरे हम ही हैं!"

समारंभात निवृत्त मंडळी चित्रासमोर आली आणि एकेक जण रुमालात खोकू लागला. मॅडमनी चष्मा पुसून आपला थर पाहिला, विटांवरून बोट फिरवलं.

"खड्ड्याची कड फार सरळ काढलीस."

"चुकलं का, मॅडम?"

"चोर इतके नीटनेटके नसतात गं."

तेवढ्यात सरांनी माइकवरून जाहीर केलं, की सगळ्यांना इतकं आवडलंय, तर हे चित्र आता दगडात कोरून घेऊ, कायमचं. पहिली टाळी मॅडमनी वाजवली.