माझ्या माहितीप्रमाणे

तिने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. दादा कारखान्याच्या स्टोअरच्या दारातच उभा होता. एरवी मशिनांच्या आवाजात या खोलीत ओरडून बोलावं लागे. आज मशिनं बंद होती आणि बहीणभाऊ हळू बोलत होते.

“लिही. जबाबाची सुरुवात मी सांगतो. टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज.”

इंग्रजीचा आणि दादाचा छत्तीसचा आकडा. पण एवढे शब्द तो ऑफिसातून पाठ करून आला होता.

“पुढे लिही, पात्यावर जाळी लावलेली होती. उद्या काही निघालंच तर म्हणायचं, माझ्या माहितीप्रमाणे होती. सापही मरतो, काठीही मोडत नाही.”

“आणि लंबू?”

परवा मशिनच्या त्या पात्याखाली कामगार लंबूची दोन बोटं गेली होती. जाळी होती असं ठरलं, तर त्यानेच ती काढून हात घातला असा अर्थ निघणार होता. निष्काळजी माणसाला कारखाना कामावर ठेवत नसे.

“त्याला मिळेल दुसरीकडे काहीतरी.”

“उजव्या हाताची बोटं गेल्यावर?”

“आणि माझी नोकरी गेली तर? आईकडे कोण बघणार? फोरमन मी आहे. लंबू काय वाटेल ते सांगेल, पण साहेब ऐकणार ते स्टोअरवालीचं.”

हे इंग्रजी शब्द तिने आजवर कितीतरी पत्रांत लिहिले होते, सवयीने, हात न थांबवता. आज मात्र त्यांचा अर्थ समोर ठाण मांडून बसला. मला जेवढं ठाऊक आहे तेवढं. तिला तर सगळंच ठाऊक होतं. जाळी तळच्या कप्प्यात, पोत्याखाली पडली होती. दादानेच आणून दिली होती. ‘काम अडतंय हिच्यामुळे, ठेव कुठेतरी,’ म्हणाला होता आणि तिने मुकाट्याने ठेवली होती. तिला त्याचा राग आला, तसा स्वतःचाही आला.

ती लिहू लागली. पेन चालताना पाहून दादाचा जीव भांड्यात पडला.

“झालं? आण, साक्षीदाराची सही माझी.”

“वाच तरी.”

“तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार.”

त्याने पेन घेतलं. त्याला सही करू दिली असती तर काम आत्ताच संपलं असतं. तिने कागदावर तळहात ठेवला.

“दादा, आधी ऐक.”

ती मराठीत सांगत गेली. तिने काही गाळलं नाही. जाळी कुठे आहे, कुणी आणून दिली, कुणी ठेवून घेतली.

“माझं नाव घातलंस?”

“माझंही घातलंय.”

पंख्याने कागद फडफडत होता. दादाने कागदाकडे हात नेला, तेव्हा आता तो फाडणार असं तिला वाटलं. मग तो खाली वाकला. पोत्याखालून जाळी ओढून काढली, बाहीने तिच्यावरची धूळ पुसली आणि कागद उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर ठेवली.

“सही कुठे करायची?” त्याने विचारलं.