सिस्टरची परीक्षा

“झालं का, सिस्टर? बंद कर थे घडी!” चादरीचं शेवटचं टोक गादीखाली खोचत गोदावरीबाई म्हणाली. बोलताना तिला धाप लागली होती.

करुणानं मोबाइलवर बोट दाबलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. लकव्यानं अर्धं अंग गेलेल्या तुलारामजींना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पावडर लावायची, खालची ओली चादर काढून कोरडी घालायची, आणि हे सगळं सहा मिनिटं चाळीस सेकंदांत. करुणानं वहीत आकडा लिहिला खरा, पण तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तिच्या हिशेबानं या कामाला पंधरा मिनिटं तरी लागायला हवी होती.

“बाई, मी सांगतलं होतं ना, रोज करता तसंच करा म्हणून. घाई कायले करता?”

“घाई कुठं केली वो? आमचे हातच असे चालते,” म्हणत गोदावरीबाई पुढच्या खाटेकडे वळलीसुद्धा. साठीला टेकलेली बाई, जिना चढताना दर चार पायऱ्यांवर थांबणारी. आज मात्र वॉर्डभर नुसती भिरभिरत होती.

तुलारामजींनी वाकड्या झालेल्या तोंडानं तक्रार केली, “सिस्टर, आज बाई माह्याशी बोललीच नाई. रोज गावच्या गोष्टी सांगते मले.”

“कामात आहे, दादा. सांगन मंग,” करुणा म्हणाली आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणून गोदावरीबाईच्या मागे गेली.

करुणा रामटेके ही तुमसरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याची मेट्रन. वय सत्तेचाळीस. या वयात बायका गुडघ्यांचे डॉक्टर शोधतात, हिनं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या डॉक्टरेटला नाव घातलं होतं. विषय नर्सिंगमधलं वरिष्ठ नेतृत्व, आणि शिक्षण सगळं ऑनलाइन. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची पहाट, त्यामुळे साडेपाचला तिचा वर्ग सुरू व्हायचा. नवरा प्रफुल्ल तिच्यापुढे चहाचा कप ठेवून जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या बससाठी निघायचा. जाताना दार इतकं हळू ओढून घ्यायचा, जणू आत बाळ झोपलंय.

लोक हसायचे. नातवंडं खेळवायच्या वयात पाटी-दप्तर, म्हणायचे. करुणा मनावर घेत नसे. सव्वीस वर्षं तिनं एक गोष्ट पाहिली होती. नर्सनं काय करायचं, किती जणींनी करायचं, हे ज्या खोलीत ठरतं त्या खोलीत एकही नर्स बसलेली नसते. तिथे आपली एक खुर्ची असावी, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिला फार मनापासून हवं होतं.

शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामाचा प्रकल्प होता. करुणानं विषय निवडला तो वॉर्डात रोग्यांची उठबस करणाऱ्या आयांचा. साठ खाटांना सात आया. त्या दिवसभर राबत, तरी महिन्यातून एखाद्या रोग्याच्या पाठीला एकाच कुशीवर पडून राहून फोड यायचेच. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो हे मोजायचं, आणि सात आया पुरत नाहीत, आणखी चार हव्यात, हे आकड्यांनी सिद्ध करायचं. ट्रस्टनं लगेच परवानगी दिली. अट एकच होती, अहवालाची एक प्रत त्यांनाही मिळावी. करुणाला तर तेच पाहिजे होतं.

आणि आयांमध्ये सगळ्यात जुनी गोदावरीबाई. एकविसाव्या वर्षी करुणा इथे रुजू झाली तेव्हा पुस्तकातलं सगळं तिला पाठ होतं, पण जड रोग्याला कुशीवर वळवणं काही तिला जमेना. आंबागडहून येणाऱ्या या आयेनं तेव्हा तिचा हात धरून रोग्याच्या खांद्यामागे ठेवला होता. “ओढू नको, पोरी. त्याले सांग आधी, मंग त्याच्यासंगं वळ,” म्हणाली होती. करुणा मेट्रन झाली, तरी गोदावरीबाई तिला एकेरीतच बोलायची. चारचौघांत तेवढं ‘सिस्टर’ लावायची, एवढीच काय ती मेट्रनपदाला मिळालेली सवलत.

दोन आठवडे मोजणी चालली. सगळ्याच आयांचे आकडे तसेच आले. जेवण भरवायला पाच मिनिटं, बेडपॅन द्यायला तीन. एकदा करुणा मोजणीच्या आठच्या वेळेआधीच वॉर्डात आली, तर प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी कोरडी चादर गुंडाळून तयार आणि दोन रोगी आधीच कुशीवर वळवून ठेवलेले. मंगलाबाई कोपऱ्यात उभ्या उभ्या घाम पुसत होती. तिथेच करुणाच्या मनात पाल चुकचुकली. पण अहवाल द्यायला नऊ दिवस उरले होते, आणि पुन्हा मोजायचं म्हणजे हे सत्र हुकून सहा महिने मागे जायचं. तिनं विचारलं नाही. पुढे आयुष्यभर तिला टोचत राहिलं ते हेच, की तिनं पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं.

अहवालात तिनं आकडे जसेच्या तसे लिहिले. चार आया वाढवा, अशी शिफारसही केली, जरी आकडे तिच्या बाजूनं बोलत नव्हते. तिकडच्या मार्गदर्शक बाईंनी कौतुक केलं, इतक्या कमी वेळात इतकं नेटकं काम कुठे पाहिलं नाही म्हणाल्या. आता फक्त शेवटची तोंडी परीक्षा राहिली होती.

ट्रस्टनंही अहवाल वाचला. बारकाईनं वाचला. पंधरा दिवसांनी नोटीस लागली. सातपैकी चारच आया राहणार होत्या. वयानं मोठ्या तिघींना महिन्याच्या अखेरीस कायमची रजा. गोदावरीबाई, मंगलाबाई, शोभाताई.

करुणा तशीच व्यवस्थापकांच्या खोलीत शिरली. भूपेंद्र पटले हा माणूस आवाज कधी चढवत नसे, हीच त्याच्याशी भांडण्यातली अडचण.

“मॅडम, आकडे तुमचेच न? मी काही घरून नाई आणले,” तो म्हणाला. “एवढ्या वेळात एवढं काम होते, तर चार जणींत आरामात होते. तुमच्याच वहीत लिहून आहे.”

“मी तर आया वाढवा म्हणून लिहिलं होतं, साहेब!”

“थे तुमचं मत झालं. आकडे वेगळं बोलून राहिले.”

करुणा बाहेर आली. दुपारच्या सुट्टीत धुलाईखोलीमागच्या पायरीवर गोदावरीबाई डबा उघडून बसली होती. करुणा तिच्या शेजारी जाऊन बसली आणि महिनाभरापूर्वी विचारायला हवं होतं ते तिनं आज विचारलं.

“बाई, खरं सांगा. मी मोजाले उभी राहत होती, तेव्हा तुमी काय करत होता?”

गोदावरीबाई हसली. चोरी पकडली गेल्यावर लहान मूल हसतं तशी. “सांगाचं नव्हतं, पण आता कायले लपवू? तू आठले घडी घेऊन येत होती. आमी सहालेच येत होतो. पाणी गरम करून ठेवाचं, ओलं काहाडून ठेवाचं, पेशंटले अर्धं वळवून ठेवाचं. तू आली का नुसतं खोचाचं. अन् बोलाचं नाई कोणाशीच. बोलण्यात लय वेळ जाते, माय.”

“पण काहून, बाई?”

“काहून म्हणजे? तुही परीक्षा नव्हती का? आमी धिम्या दिसलो असतो तं तिकडच्या मास्तरणीनं तुलेच नापास केलं असतं. म्हणाली असती, हिच्या हाताखालच्या बाया अशा सुस्त. मीच सगळ्याईले सांगतलं, हात चालवा, सिस्टरची परीक्षा आहे.” तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून म्हणाली, “साहेब म्हणे, काम लवकर होते म्हणून माणसं कमी केले. म्हणजे काम तं चांगलंच होतं न आमचं?”

करुणाला रडू आवरेना. तिनं पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली. चांगलंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पटल्यांसमोर उभी राहिली. आकडे खोटे आहेत, आयांनी दोन तास आधी येऊन अर्धं काम उरकलं होतं, असं तिनं सरळ सांगितलं. पटले पेनाशी खेळत म्हणाला, “तोंडी काय उपयोग, मॅडम? तुमच्या विद्यापीठाकडून लिहून आणा का हे आकडे चुकीचे आहेत. मी ट्रस्टींपुढे ठेवतो.” मग जरा आवाज उतरवून म्हणाला, “पण तुमच्या डिग्रीचं काय होईन, इचार करून पाहा.”

विचार करायला तिला तीन दिवस लागले. ती काही संत नव्हती. साडेतीन वर्षांच्या पहाटा तिच्या डोळ्यांसमोर येत होत्या. प्रफुल्लनं एकदाच विचारलं, “दुसरा काही रस्ता नाई का?” ती नाही म्हणाली. मग त्यानं चहा केला आणि ती विद्यापीठाला पत्र लिहीत असताना शेजारी बसून राहिला. त्या दिवशी त्याची फॅक्टरीची बस चुकली.

विद्यापीठाचं उत्तर आठवड्यानं आलं. भाषा फार सभ्य होती. प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो, आकडे ग्राह्य धरता येत नाहीत, प्रकल्प नव्यानं करावा लागेल, आणि पदवी पूर्ण करण्याची मुदत याच वर्षी संपत असल्यानं त्यासाठी वेळ उरलेला नाही. करुणानं पत्र दोनदा वाचलं. मग त्याची छापील प्रत काढून पटल्यांच्या टेबलावर ठेवली.

ट्रस्टींची बैठक व्हायला महिना गेला. तोवर तिघी घरी बसल्या होत्या आणि उरलेल्या चौघी धावत होत्या. बैठकीत करुणाला बोलावलंसुद्धा. ती खोली तिनं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आतून पाहिली. एक वयस्कर ट्रस्टी पत्र बाजूला सारत म्हणाले, “हे आकडे चुकले असतीन, आम्ही मानतो. पण बाई, महिनाभर चौघीत चालूनच राहिलं न? मग?”

तिच्याजवळ उत्तर होतं. तुलारामजींच्या पाठीवर रुपयाएवढा फोड आला होता. तिनं ते सांगितलं. फोटो दाखवला. त्यांनी हळहळ व्यक्त केली, नर्सांनी लक्ष द्यावं असं टिपून घेतलं, आणि पुढचा विषय काढला.

गोदावरीबाई निरोपाच्या दिवशी मेट्रनच्या खोलीत आली होती, विद्यापीठाचं पत्र येऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. दार लोटून घेऊन तिनं हळूच विचारलं होतं, “तुह्या परीक्षेचं काय झालं, पोरी? पास झाली न?”

नोकरी गेलेली बाई दुसरीचा निकाल विचारत होती. खरं सांगितलं असतं, तर आपल्या हातांच्या घाईनं दोघींचंही गेलं, हे ती बाई चितेपर्यंत घेऊन गेली असती.

“झाली, बाई,” करुणा म्हणाली होती. “पास झाली.”

“मंग झालं!” गोदावरीबाईनं तिच्या गालांवरून हात उतरवून कडाकडा बोटं मोडली होती. पिशवी घेऊन ती गेली तेव्हा तिच्या तोंडावर समाधान होतं.

एवढ्यावर ते संपलं असतं तर बरं झालं असतं. पण जुलैत गोदावरीबाईचा फोन आला. रविवारी आंबागडला ये, काम आहे, प्रफुल्लबाबूलेही आण. काय काम, ते सांगितलं नाही.

करुणा गेली, तर शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरलेल्या. तीस-चाळीस बाया बसलेल्या. फळ्यावर एका मुलीनं रंगीत खडूनं लिहिलं होतं, ‘डॉ. करुणाताई रामटेके यांचा सत्कार’. करुणा दारातच थबकली. प्रफुल्लनं तिचा दंड धरला, “चाल,” एवढंच म्हणाला.

मंगलाबाई भाताच्या रोवण्यावरून सरळ आली होती, पायांवरचा चिखल अजून ओला होता. शोभाताईनं नारळ आणला होता. गोदावरीबाईनं शाल अंगावर घातली, आणि बायांकडे वळून मोठ्या आवाजात सांगितलं, “हे आमची सिस्टर. अमेरिकेची परीक्षा पास झाली. आमी तिघीबी होतो त्या परीक्षेत!” बायांनी टाळ्या वाजवल्या.

“दोन शब्द बोल,” गोदावरीबाईनं तिला पुढे केलं.

करुणा उठली. मी पास झाले नाही, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. खोट्या मानाची शाल अंगाला चटके देत होती. समोर पहिल्याच सतरंजीवर गोदावरीबाई बसली होती, मान वर करून. करुणानं ते वाक्य गिळलं.

“जड माणसाले कुशीवर कसं वळवाचं,” ती म्हणाली, “हे कोण्या कालेजात नाई शिकवत. मले गोदावरीबाईनं शिकवलं. जे काही येते मले, ते हिच्यापासून येते.” तिनं डोळ्यांना शालीचं टोक लावलं. ती खाली बसली. बायांना वाटलं, बाई आनंदानं रडते आहे, आणि दोघी-चौघींनी आपलेही डोळे पुसले.

गोदावरीबाई सरकत सरकत तिच्याजवळ आली. “अवो, हात काहून इतके थंडे पडले तुहे?” म्हणत तिनं करुणाचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि मनगटापासून बोटांपर्यंत चोळायला लागली. मुलगी सगळ्यांना चहा वाटत आली, शोभाताईनं खोबऱ्याचे तुकडे केले, बाया आपसात बोलू लागल्या, तरी ती चोळतच होती. करुणानं हात काढून घेतले नाहीत.