लोहार आणि बकऱ्याची कॅसेट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, मित्रांनो, आणि मी एका माणसाचा डोळा फोडला आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे तुम्ही मला गरीब बिचारी समजाल. तशी मी कधीच नव्हते.

माझ्या पोटात मारामारी होती. दूरच्या कुठल्याशा देशात कुणीतरी लाकडाच्या बाहुल्या केल्या, त्यांना केसभर हलवून एकेक फोटो काढला आणि तसे हजारो फोटो जोडून सिनेमा तयार केला. त्यात एक लोहार होता आणि एक बकरा. बकरा भात्याचं चामडं खायचा आणि लोहार त्याला घणाने हाणायचा. बकरा पापडासारखा चपटा व्हायचा, मान झटकून उठायचा आणि पुन्हा चामड्याला तोंड लावायचा. असे एकेचाळीस घाव होते. मला त्यांचा भारी तोरा होता.

नागपुरातल्या सक्करदऱ्याची एक व्हिडिओ लायब्ररी बंद पडली, तेव्हा संघपालने मला ढिगातून उचललं. संघपाल कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होता आणि तिथल्याच कॉलनीत एकटा राहायचा. त्याला असल्या विचित्र चित्रपटांचं वेड होतं. मातीचे, वाळूचे, कागद कापून केलेले, सावल्यांचे. माझ्यावरची परदेशी अक्षरं त्याला वाचता येईनात, म्हणून त्याने पांढरी पट्टी चिकटवून स्वतःच नाव लिहिलं, ‘लोहार आणि बकरा’. अशा दोनशे साठ जणी त्याच्याकडे होत्या. लोक विचारायचे, ‘‘हे काय जमवून राहिला गा?’’ तो म्हणायचा, ‘‘दुसऱ्या कोणापाशी नाही, ते.’’

कोराडीच्या वीज केंद्रातून उडणारी कोळशाची राख आमची वैरीण होती. दारं-खिडक्या लावल्या तरी ती आत शिरायची, आणि तिचा एक कण फितीवर ओरखडा काढून जायचा. संघपाल रोज कापूस घेऊन तिच्याशी लढायचा. रविवारी कॉलनीतली पोरं जमायची. पडद्यावर घण खाली आला की सगळी मिळून मोठ्याने मोजायची, ‘‘एक! दोन! तीन!’’ गावाहून आलेला त्याचा धाकटा भाऊ अंकुशही पोरांत बसून मोजायचा आणि हसून हसून खोकायचा.

एकदा दुर्गेश नावाच्या मुलाने माझी झडप उघडून फितीला बोट लावलं. संघपालने त्याच्या अशी थोबाडीत दिली की पोराच्या ओठातून रक्त आलं. ‘‘पुन्हा हात लावशील तं हात तोडून टाकीन!’’ तो ओरडला. बाकीची पोरं दाराकडे सरकली. मला मात्र, खरं सांगते, बरं वाटलं. आपल्यासाठी कुणी मारतं, याचा मला गर्व झाला. दुसऱ्या रविवारी दुर्गेश सुजलेला ओठ घेऊन परत आलाच.

यंदा संघपाल निवृत्त झाला आणि क्वार्टर सोडावं लागलं. सक्करदऱ्याला मिळालेल्या भाड्याच्या खोलीत भिंतींना ओल होती. आम्हांला तिथे महिनाभरात बुरशी लागली असती. म्हणून त्याने आमच्या पेट्या कुहीजवळच्या गावी अंकुशकडे नेल्या. ‘‘दिवाळीपर्यंत ठेव. रॅक झाले की नेतो,’’ तो म्हणाला. अंकुशने पेट्या कोठीत ठेवल्या आणि वर ताडपत्री टाकली.

आश्विनात धान दुधावर आलं आणि पोपटांची धाड पडली. मित्रांनो, पोपट तुम्हांला गोड वाटतो. शंभर पोपट धानाच्या एका बांधीत उतरले की लोंब्या कातरून चिखलात पाडतात, खातात थोडं आणि नासतात फार. अंकुश आणि त्याची मुलगी पायल पहाटेपासून गोफण फिरवायचे. दगड लागून पोपट फडफडत मरायचे, पण दुसरे यायचेच. मग गावातल्या कुणीतरी सांगितलं की कॅसेटची फीत ताणून बांधली तर ती वाऱ्यावर गुणगुणते, चमकते, आणि पाखरं फिरकत नाहीत.

अंकुशने ताडपत्री उचलली. आठ दिवस तो विळ्याच्या टोकाने आमच्या झडपा मोडत होता आणि आतली फीत ओढून काढत होता. मी शेवटच्या पेटीत शेवटची होते. कडकड आवाज ऐकत मी माझी पाळी येण्याची वाट पाहत होते.

माझी पाळी आली त्याच सकाळी संघपाल आला. रॅक तयार झाले होते आणि तो गाडी ठरवूनच आला होता. बांबूंवर ताणलेल्या काळ्या फिती त्याने पाहिल्या, बांधावरची रिकामी डबडी पाहिली आणि तो पळत सुटला. अंकुशच्या हातून त्याने मला हिसकावून घेतलं.

‘‘हे काहून केलं गा तू?’’

‘‘दादा, पोपटं सारं धान खाऊन राहिले. तुह्या डब्यांचा इथं काय उपयोग होता? कारटूनच तं होते.’’

संघपालने हात उगारला. त्या हातात मी होते.

पहिला घाव कपाळावर बसला. दुसरा डोळ्यावर, माझ्या कोपऱ्याने. काहीतरी मऊ फुटलं. सवयीने मी मोजत होते. तिसऱ्या घावाला अंकुश बांधावर आडवा झाला आणि त्याच्या बोटांमधून रक्त चिखलात गळू लागलं. आता तो मान झटकेल आणि उठेल, अशी मी वाट पाहिली. मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. तो उठला नाही. तो ओरडत होता, आणि तसा आवाज माझ्या सिनेमात कुठेच नव्हता.

पायल धावत आली. तिने ओढणीने बापाचं डोकं आवळलं आणि पेट्यांसाठी ठरवलेल्या गाडीतून तिने आणि संघपालने त्याला नागपूरला नेलं. डावा डोळा गेला. कसं लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अंकुश म्हणाला, ‘‘पाय घसरला. बांबू लागला.’’ संघपाल शेजारीच उभा होता.

चौथ्या दिवशी पायलने मला पिशवीतून काढून संघपालपुढे धरलं. ‘‘मोठेबाबा, ही तुमची. एवढीच राहिली. पूर्वेकडचा धुरा उघडाच हाय. पोपटं तिकडून येऊन राहिले.’’

संघपाल मला घेऊन शेतात गेला. ज्या हातांनी वीस वर्षं माझ्यावर राखेचा कण बसू दिला नाही, त्याच हातांनी त्याने माझी झडप मोडली आणि माझी आतडी ओढावी तशी फीत बाहेर ओढली. मला तोंड असतं तर मी गाव गोळा केलं असतं. तो रडत होता, पण थांबला नाही. पूर्वेच्या बांधावर त्याने मला या बांबूपासून त्या बांबूपर्यंत पीळ देऊन ताणलं.

डोळ्यावरची पट्टी सुटायच्या आधीच अंकुश शेत पाहायला आला. बांधावर संघपाल दिसताच तो थबकला. मग अंकुश म्हणाला, ‘‘मले डावीकडचं दिसत नाही. पोपटं तिकडून आले तं समजत नाही.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग तू तिकडं उभा राह्य. कापणीपर्यंत. रोज.’’

तेव्हापासून संघपाल रोज पहिल्या बसने येतो आणि अंकुशच्या डाव्या बाजूला उभा राहतो. एकाने हाकारा दिला की दुसरा देतो.

मित्रांनो, आत्मकथा सांगणारी आमची वस्तूंची जात गोष्टीच्या शेवटी ‘आम्हांला जपा’ म्हणते. मी तसं म्हणणार नाही. माझी फीत उन्हाने कडक झाली आहे आणि कापणीआधीच ती तुटेल. माझं एवढंच मागणं आहे. राग आला, हात उगारला गेला, तर त्या हातात काय आहे ते आधी बघा आणि ते खाली ठेवा. आम्हां वस्तूंना तुमच्या मुठीतून सुटून जाता येत नाही.