बघणाऱ्याला सांगायचं नाही

थोरलीने डिशच्या बुडाला लावलेल्या काळ्या चिकटपट्टीचं टोक नखाने उचललं आणि पुन्हा दाबून बसवलं.

"सोल की गं आता," मॅडम म्हणाल्या. "मघापासून नुसती कुरवाळत बसली आहेस."

"आधी आकडे पक्के करू. एकदा पट्टी निघाली की आकड्यांना हात लावायचा नाही."

"आकडे पक्के आहेत. तू मोजलेस, मी मोजले, मग मी मोजलेले तू मोजलेस. आता काय शेजारच्यांना बोलवायचं?"

लॅबमध्ये सगळ्यांत आधी रुजू झालेली म्हणून तिला इथेही थोरलीच म्हणत, आणि तिच्या शंकेखोरपणाची टिंगल करायचा हक्क फक्त मॅडमना होता. पण या कामात थोरलीचं तोंड एकदा दुधाने पोळलं होतं, म्हणून आता ती ताकही फुंकून पीत होती.

आपल्या चरबीत काही पेशी अशा असतात की पुढे काय व्हायचं हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं. त्या मूळपेशी. जिथे जखम असेल, झीज असेल तिथे त्या मदतीला धावतात. स्वभाव परोपकारी, पण परोपकारात आपला कोण आणि परका कोण हे बघायची सवय नाही. थोरलीने आधीच्या प्रयोगात त्यांना कॅन्सरच्या वाढत्या पेशींच्या शेजारी राहायला दिलं, तर काही दिवसांत कॅन्सरच्या पेशींनी चांगलं बाळसं धरलं. मॅडमनी पेढे वाटल्यासारखा चेहरा केला, शोधनिबंध छापून आला, लोकांनी पाठ थोपटली. थोरली मात्र त्या संध्याकाळी घरी जाऊन न जेवता झोपली.

कारण धाकटी. धाकट्या बहिणीचा एक स्तन कॅन्सरमुळे काढावा लागला होता. उपचार संपले, केस परत आले, आणि सर्जनने सुचवलं की पोटाची चरबी काढून छातीत भरता येईल. धाकटीला हे फारच पसंत पडलं. "पोट उतरेल आणि छाती भरेल. असा सौदा मला कुठल्या कापडवाल्याने दिला नाही," असं ती चार माणसांत सांगत सुटली. तिचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं, त्यामुळे सगळे हिशेब ती कापडात करायची. स्वतःसाठी पॅडही तिने स्वतःच शिवलं होतं, आणि ते इतकं बेमालूम की गिऱ्हाइकांपैकी कुणाला कधी संशय आला नाही. पण रात्री ते काढून ठेवताना ती आरशाकडे पाठ करते, हे थोरलीने एकदा पाहिलं होतं.

तर त्या धाकटीला थोरली म्हणाली होती, "थांब. आत्ता नको."

आणि लहानपणापासून आईबापांचंही न ऐकणारी धाकटी एका शब्दावर थांबली. तिने वाद घातला असता, रुसली असती, तर थोरलीला इतकं जड गेलं नसतं. आपल्या डिशमधलं एक निरीक्षण उठून बहिणीच्या अंगावर जाऊन बसलं, ही बोच तिला सुखाने जेवू देईना.

मग तिनेच पुढचा प्रश्न काढला. धाकटीच्या शरीरात काही उरलंच असेल, तर ते वाढणारं नव्हे, औषधांच्या माऱ्यातून वाचून निपचित पडलेलं असणार. वाढणाऱ्या पेशींना मूळपेशी खतपाणी घालतात हे कळलं. झोपलेल्यांना उठवतात का? त्यासाठी या डिशेस होत्या. काहींत झोपलेल्या पेशी एकट्या, काहींत मूळपेशींच्या सोबतीने, आणि पडताळ्याला जुन्या, वाढत्या पेशीही होत्या, एकट्या आणि सोबतीने. कोणत्या डिशमध्ये काय आहे हे बुडाशी लिहिलेलं आणि त्यावर मॅडमनी काळी पट्टी मारलेली. बघणाऱ्याला सांगायचं नाही, हा लॅबचा नियमच होता. पण इतर लोक तो कधी पाळत, कधी विसरत. थोरलीने या वेळी डिशेस लावायचं कामही स्वतःकडे ठेवलं नाही.

घरी जेवताना तिने हे सांगितलं, तेव्हा धाकटी हसली होती.

"तुझी डिश आणि तुलाच पडदा?"

"माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. मला जे हवंय तेच दिसेल. तुझ्यासाठी करतेय ना."

"म्हणजे कळलं तर चुकशील?"

"नक्की चुकेन."

धाकटीने मान हलवली आणि भाजी वाढून घेतली. त्यानंतर तिने प्रयोगाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

"मी सोलते," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पहिली पट्टी ओढून काढली. "वाढत्या, सोबतीने. किती?"

थोरलीने आकडा वाचला. मागच्यासारखाच, भरमसाट. म्हणजे प्रयोग नीट चालला होता, मूळपेशी जिवंत आणि कामसू होत्या.

"झोपलेल्या, एकट्या."

तिथे जवळजवळ काहीच हललं नव्हतं.

मॅडमनी तिसरी डिश उलटी केली. पट्टी निघाली. त्यांनी चष्मा वर सरकवला, डिश खिडकीकडे धरली आणि मग थोरलीच्या हातात दिली. बुडाशी मॅडमच्याच गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, झोपलेल्या, सोबतीने. आकडा आधीच्या डिशएवढाच होता. पुढच्या डिशेस निघाल्या, त्याही तेच बोलल्या. हा तिसरा घाणा होता, आणि तिन्ही घाणे एकाच चवीचे निघाले होते.

"उठल्या नाहीत," थोरली म्हणाली. "मूळपेशी शेजारी येऊन बसल्या तरी उठल्या नाहीत."

मॅडमनी, ज्यांचा आवाज कधी दाराबाहेर गेला नव्हता त्या मॅडमनी, टेबलावर असा काही हात आपटला की पलीकडच्या खोलीतली माणसं धावत आली.

"डिशमधलं आहे," थोरली घाईघाईने म्हणाली. "डिश म्हणजे माणूस नव्हे. अजून पुष्कळ बघायचंय."

"ते उद्या लिहू, सगळ्या पण-परंतुंसकट. आज तू घरी जा. आणि जाताना हस थोडी, लोक घाबरतात तुझ्या चेहऱ्याला."

थोरली हसली. खरं तर जिन्यावरून उतरताना ती दोन-दोन पायऱ्या गाळत होती. इतकी वर्षं तिने आनंद मोजून-मापून केला होता. आज तो मापात बसत नव्हता, आणि बसावा असं तिला वाटतही नव्हतं.

दुकानात धाकटी कापड बेतत होती. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, आणि समोर पसरलेला निळा तागा.

"झोपलेल्या उठत नाहीत," थोरली दारातूनच ओरडली. "ऐकलंस का? मूळपेशींनी त्यांना उठवलं नाही. तिन्ही वेळा! तू सर्जनला फोन कर. मीही येते, त्यांना सगळे आकडे दाखवते. तारीख घे."

धाकटीने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. कात्री बाजूला ठेवली. मग ती स्टुलावर बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलायला लागले तसं थोरलीने तिला जवळ ओढलं.

"रडू नकोस गं. संपलं आता. घे तारीख."

"तारीख होऊन गेली, ताई."

"कुठली तारीख?"

"तू त्या परिषदेला बाहेरगावी गेली होतीस ना, तेव्हा." धाकटीने डोळे पुसले. ती रडत कमी आणि हसत जास्त होती. "सर्जनला विचारलं, अजून एका डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे हे ऑपरेशन केलेल्या बायका बऱ्या आहेत. तुझं छापून आलेलंही त्यांना दाखवलं. मग ठरवलं. मला पाठ फिरवून झोपायचा कंटाळा आला होता."

थोरलीने हात सोडले. इतक्या दिवसांत ही बहीण तिच्या शेजारी बसून जेवली होती, पोट दुखतंय म्हणून दोनदा यायचं टाळलं होतं, पुन्हा हसत आली होती. भिंगातून नखाएवढी हालचाल टिपणाऱ्या थोरलीला पानाशेजारचं दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"आणि मला सांगितलं नाहीस? आईला?"

"आईला सांगितलं असतं तर तुला कळलं असतं. आमच्या यांना तेवढं माहीत होतं, न्यायला-आणायला."

"मला का नाही?"

"तूच म्हणालीस ना, कळलं तर चुकशील. माझ्या छातीत काय भरलंय ते माहीत असताना तू त्या डिशेस बघितल्या असत्यास? भीतीपोटी तू नसलेलंही मोजलं असतंस. नाहीतर मला वाचवायला तू खोटं बघितलं असतंस, आणि तुला ते कळलंही नसतं."

रागवावं असं थोरलीच्या फार मनात होतं. राग यायलाही हवा होता. पण मागून एक भलतीच भीती आली, तशी ती ताग्यावरच बसली.

"अगं, आणि उलटं आलं असतं तर? आज पट्टी निघाली आणि त्या उठलेल्या दिसल्या असत्या तर?"

"तर तू मला फोन केला असतास. मी खरं सांगितलं असतं. तू अर्धा तास शिव्या घातल्या असत्यास." धाकटीने तिच्या बुडाखालून निळं कापड हळूच ओढून घेतलं. "आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना परत कसं झोपवायचं ते शोधायला लागली असतीस. मी कशाला घाबरू?"