वाळूत न घातलेला हात

साप पाळायचा म्हणजे त्याला घर हवं, आणि ते याकूबनंच करावं असं साहेबानं ठरवलं, याला कारण याकूबची जीभ. दुबईच्या बर दुबई भागात साहेबाच्या बंगल्यात तो वरकामाला होता. विहिरी खणणाऱ्या कंपनीतला साहेब वाळवंटातून हातभर लांबीचा बिनविषारी साप डब्यात घालून घेऊन आला, तेव्हा याकूब सगळ्यांदेखत म्हणाला, की गावी हर्णैला असले साप तो नुसत्या हातानं धरायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला. हर्णैला साप निघाला की हा बहाद्दर बायकापोरांच्या आधी माळ्यावर चढलेला असायचा.

घर मात्र त्यानं मन लावून केलं. चहाचं रिकामं खोकं घेतलं, बारीक जाळीचं झाकण बसवलं, झाकणाला कडी लावली. साहेबानं सांगितल्याप्रमाणे आत वीतभर वाळू भरली, एका कोपऱ्यात फुटक्या माठाची खापरी पालथी घातली, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची ताटली ठेवली आणि खोकं व्हरांड्यात सावलीला लावलं. रोज पाणी बदलायचं काम स्वयंपाकी अजीजचाचांनी आपणहून घेतलं. चाचा त्याच्याच गावचे. चार वर्षांपूर्वी त्याला आगबोटीनं इथे आणलं आणि कामाला लावलं, ते त्यांनीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी याकूबनं झाकण उघडलं, तर साप दिसेना. त्यानं काठीनं खापरी उलथून पाहिली. तिथेही नव्हता. उघडताना कडी लागलेली होती की नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरात रांगणारं मूल, त्यामुळे मडम रडायलाच लागली. तेवढ्यात चाचांनी विचारलं, "याकूब, वाळूत हात घालून बघितलंस?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. साप हातानं धरणारा तो.

"बघितलं," याकूब म्हणाला.

वाळू बघून झाली म्हणजे साप बाहेर पडला, बाहेर पडला म्हणजे कडी उघडी राहिली, आणि आदल्या संध्याकाळी पाणी बदललं होतं चाचांनी. साहेबाचा हिशेब सरळ होता. चाचा एवढंच म्हणाले, की कडी लावल्यासारखं वाटतं, पण वय झालं, राहिलीही असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. चाचांचं पुढच्या आगबोटीचं तिकीट निघालं. आठ दिवस याकूब चाचांच्या हातचं जेवला आणि एकदाही त्यांच्याकडे नीट बघू शकला नाही.

चाचा निघाले त्या दिवशी साहेबानं ते खोकं मोकळं करायला सांगितलं. याकूबनं अंगणात वाळू ओतली आणि वाळूबरोबर साप बाहेर पडला, चांगला धडधाकट. याकूबनं खोकं त्याच्यावर पालथं घातलं. त्याला स्वतःचीच किळस आली.

साहेबाला सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला, अजीजला परत आण. वाळूचं त्यानं विचारलं नाही, याकूबनंही सांगितलं नाही. तो खाडीकडे धावत सुटला.

आगबोटीकडे नेणारी लाँच भरत होती. लाँचवाला "यल्ला, यल्ला" करून घाई करत होता. चाचा आपल्या ट्रंकेवर बसले होते.

"चाचा, साप मिळाला. खोक्यातच होता, वाळूत. साहेबानं तुम्हाला बोलावलंय."

चाचांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे कडी मी लावली होती," ते म्हणाले. "खुदाचा शुकर. मला वाटलं, डोकंच कामातून गेलं. आठ दिवस झाले, बाहेर पडलो की परत जाऊन स्टोव्ह बघतो, दार बघतो." ते हसले. आणि मग थांबले. "पण तू तर वाळूत हात घातला होतास."

याकूबला खोटं बोलणं अजूनही जमलं असतं. साप खोल गेला असेल, म्हटलं असतं तर चाचांनी मानलंही असतं.

"नव्हता घातला. भीती वाटली."

चाचांनी ट्रंकेवरून उठून धूळ झटकली.

"साहेबाला सांगितलंस हे?"

"नाही."

"त्याला सांग. मी काही आता परत येत नाही. ही ट्रंक उचल."

याकूबनं ट्रंक उचलली आणि लाँचमध्ये नेऊन ठेवली. वळून त्यानं चाचांना आधाराला हात पुढे केला. चाचांनी तो हात पाहिला, लाँचची कड धरली आणि आपले आपण चढले.