द्यायची साडी

बनाचं पत्र आलं तेव्हा केरबांनी आधी पेन्सिल हातात घेतली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. समोर लिहिलेला कागद आला की हात आपोआप चाले. 'दुकाणात'मधल्या ण खाली रेघ गेली, 'तुझि'ची वेलांटी दीर्घ झाली, आणि मग कुठं मजकूर डोक्यात शिरला. पेन्सिल तिथंच थांबली. त्याला आता तीन वर्षं झाली. पत्र शब्दकोशात ठेवलेलं होतं, बिनउत्तराचं.

'दादास बनाचा नमस्कार. राजनंदिनीच्या लग्नातला आहेर घरी येऊन उघडला. रंग चांगला हाय. एक इचारते, राग धरू नको. दुकाणात तू ही नेसायची म्हणून घेतलीस का द्यायची म्हणून? नेसायची असली तर मी घडी मोडते. द्यायची असली तर मी बी कुणाला तरी देईन. तसं कळीव. तुझि बना.'

बना त्यांची धाकटी बहीण, गारगोटीजवळच्या खेड्यात दिलेली. कानांनी कमी ऐकू येई, त्यामुळं फोनचा उपयोग नव्हता. अक्षरं तिला लहानपणी केरबांनीच शिकवली होती, आणि न-णच्या घोळावरून तेव्हाही ते तिला बोलत. त्यांना हातानं पत्र लिहिणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

तिनं विचारलं होतं ते कोल्हापुरातला कुठलाही साडीवाला गिऱ्हाईक गादीवर टेकायच्या आत विचारतो. नेसायची साडी म्हणजे कुणाची तरी. ती उलगडतात, पदर बघतात, दारातल्या उजेडात नेऊन रंग पारखतात. द्यायची साडी गठ्ठ्यातून येते. ती कुणाला जाणार हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पुष्कळदा ती नेसलीही जात नाही, या कपाटातून त्या कपाटात फिरत राहते.

लेकीचा, राजनंदिनीचा, लग्नातला लेहंगा पुण्याच्या एका नावाजलेल्या डिझायनरकडं शिवला होता. मापाला तीनदा जावं लागलं. केरबा तिन्ही वेळा कोपऱ्यातल्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसले, आणि त्या खर्चाचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. सलत होती ती महाद्वार रोडवरची दुपार. "नेसायच्या दाखवू का द्यायच्या?" दुकानदारानं विचारलं आणि त्यांच्या बायकोनं, संयोगिताबाईंनी, सांगितलं, "द्यायच्या. चाळीस." केरबांनी सकाळपासून एक वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं: बनाची तेवढी नेसायची बघू या. पण दुकानात गर्दी होती, दुकानदाराचा आवाज मोठा होता, बायको उन्हानं वैतागली होती. वाक्य तोंडातच राहिलं. मागनं एकटे येऊ, असं मनाशी म्हणाले, ते आलेच नाहीत. लग्नात इतर बायकांसारखीच बनाच्याही ओटीत गठ्ठ्यातली एक पडली, आंब्याच्या रंगाची.

उत्तर काय द्यायचं? नेसायची म्हणावं, तर बोटाच्या चिमटीत धरून कापड ओळखणारी बाई ती. द्यायची म्हणावं, तर बहिणीला असं लिहायचं कसं? त्या वर्षीपासून बना भाऊबीजेला येईनाशी झाली. गुडघ्याचं कारण सांगे. केरबांनीही जाण्याचं धाडस केलं नाही.

यंदा जूनमध्ये बनाची नात क्रांती कॉलेजच्या प्रवेशासाठी आली. संयोगिताबाईंनी तेव्हा लेहंगा पलंगावर पसरून हवेला ठेवला होता. पुण्यातल्या फ्लॅटात जागा नाही म्हणून राजनंदिनीनं तो माहेरी धाडला होता. घड्यांवरची जर काळवंडत चालली होती. क्रांतीनं त्याला एक बोट लावून बघितलं आणि किती वेळा घातला ते विचारलं.

"एकदाच," संयोगिताबाई म्हणाल्या. "आता परत कुठं घालणार? सगळ्यांनी फोटू बघितल्यात."

क्रांतीला हसू आलं. "माझा ह्यो टॉप हातगाडीवरचा हाय, आजी. सहा धुण्यात जाईल. तवर रोज घालणार की."

"स्वस्तातलं ऱ्हातंय कुठं," संयोगिताबाई म्हणाल्या.

"आमच्या आजीचं ऱ्हातंय. तुमच्या लग्नातली साडी ट्रंकेत तशीच हाय. घडी मोडली न्हाय, कुणाला दिली बी न्हाय. इचारलं तर म्हणती, दादाचं उत्तर यायचं हाय."

कसलं उत्तर, म्हणून संयोगिताबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. केरबा पुस्तकातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी बँकेतून पेन्शन काढून ते एकटेच महाद्वार रोडला गेले. दुकान तेच, गादी तीच.

"बसा पावणं. नेसायची का द्यायची?"

"नेसायची," केरबा म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. मग हळू आवाजात म्हणाले, "बहिणीला."

इरकली आल्या, रेशमी आल्या. शेवटी दुकानदारानं सगळ्यांत भारी साडी त्यांच्या मांडीवर पसरली. "ही न्या. बहीण मागचं समदं इसरंल बघा."

केरबांचा पदरावर फिरणारा हात थांबला. तिनं विसरावं म्हणूनच तर ते आले होते. साडी पोचती झाली असती आणि पत्र लिहायचं टळलं असतं. बनानं साडी मागितलीच नव्हती. तिनं एक गोष्ट विचारली होती.

"घेत न्हाय," ते म्हणाले. "माफ करा."

"एवढ्या उलगडल्या की वो," दुकानदार कुरकुरला. केरबांनी ओशाळून एका साडीची घडी घालायला घेतली. ती वाकडी झाली. दुकानदारानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

पोस्टातून आंतर्देशीय पत्र घेऊन ते घरी आले आणि संयोगिताबाई भाजी निवडत होत्या तिथंच समोर बसून त्यांनी लिहिलं:

'बना, ती साडी द्यायची होती. गठ्ठ्यातली. तुझ्यासाठी म्हणून निवडली नव्हती. संयोगिताचा दोष नाही. मी शेजारी बसलो होतो आणि बोललो नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मी त्यातल्या चुका काढल्या आणि उत्तर दिलं नाही. ती साडी तू कुणालाही दे. भाऊबीजेला आलीस तर दुकानात जाऊ, साडी तूच पसंत कर. नाही आलीस तर का ते मला ठाऊक आहे. तुझा दादा.'

सवयीनं पेन्सिल हातात आली. केरबांनी ती खाली ठेवली. पत्र परत वाचलं नाही. वाचलं असतं तर ते गेलंच नसतं. कडांना डिंक लावून त्यांनी पायात चपला सरकवल्या. कुठं निघालात, असं संयोगिताबाईंनी विचारलं.

"बनाला उत्तर टाकायला," ते म्हणाले. संयोगिताबाईंनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली.

पोस्टाच्या पेटीशी केरबा जरा वेळ उभे राहिले. मागं एक माणूस आपलं पाकीट घेऊन ताटकळत होता. मग त्यांनी हात आत घातला आणि पत्र सोडलं.